बालोतऱ्याकडची घोडी नाशिकला आणताना

प्रश्न थोडक्यात असा: नाशिकजवळ मखमलाबादच्या पुढे वीस गुंठे मोकळी जागा आहे, घरातल्या दोघांना सकाळची रपेट करायची आहे आणि राजस्थानात बालोतऱ्याजवळच्या तिलवाड्याच्या बाजारातून चार वर्षांची मारवाडी घोडी आणायचा विचार आहे. वाळवंटातल्या गावात ती कशी राहते, कशी चालवली जाते, आणि इथे आणल्यावर काय बदलावं लागेल?

बहुतेकांना काळजी असते ती उन्हाची. ऊन ती सोसते. तिला माहीत नसतात तीन गोष्टी: आपला चिखल, आपला हिरवा चारा आणि आपली दमट हवा. इथे आल्यावर अशा घोड्यांना जी दुखणी होतात त्यातली बहुतेक या तिघांपैकी एकातून निघतात, आणि त्यातली बरीचशी मालकाच्या घाईमुळे.

वेळेचं गणित आधी मांडा. तिलवाड्याचा मल्लिनाथांचा पशुबाजार बालोतऱ्याजवळ लूणी नदीच्या कोरड्या पात्रात भरतो, चैत्र कृष्ण एकादशीपासून चैत्र शुद्ध एकादशीपर्यंत. तिकडे महिना पौर्णिमेला संपतो, म्हणून त्यांची चैत्र कृष्ण एकादशी म्हणजे आपली फाल्गुन वद्य एकादशी. आपल्या पंचांगाने चैत्र वद्य धरून निघालात तर पात्रात फक्त खुंट्यांची भोकं दिसतील. बाजार उरकून घोडी नाशिकला पोचते तेव्हा पावसाला नऊ-दहा आठवडे उरलेले असतात. तिची सगळी तयारी याच आठवड्यांत करायची असते.

तिकडे ती राहते कशी, ते समजून घ्या. जैसलमेरला वर्षाचा पाऊस 200 मिलिमीटरच्या आत. आपल्या जिल्ह्यात इगतपुरीला तो 3000 च्या वर जातो. बालोतरा, बाडमेर, जैसलमेरकडे घोडी खेजडीच्या झाडाखाली किंवा छपरात वाळूच्या ठाणावर (बांधायच्या जागेवर) अगाडी-पिछाडी म्हणजे पुढचे-मागचे दोर लावून उभी असते. पायाखाली कायम कोरडं. खायला सेवण आणि धामण ही सुकी गवतं, बाजरीची कडबी, मटकी-गवार-हरभऱ्याचं भुसकट. चंदीला, म्हणजे दाण्याच्या खुराकाला, बाजरी, जव, हरभरा. हिरवं मिळतं ते पावसाळ्यातले थोडे दिवस किंवा कुणाच्या विहिरीवरच्या शेतात. भूजल बऱ्याच ठिकाणी खारट, त्यामुळे तिच्या जिभेला त्या पाण्याची सवय असते.

उन्हाळ्यात तिथले स्वार सूर्य उगवायच्या आधी निघतात आणि आठपर्यंत ठाणावर परततात. दुसरी फेरी दिवस मावळल्यावर. मऊ वाळूत खूर रुततो, प्रत्येक पावलाला तो उपसून काढावा लागतो आणि पायाच्या मागच्या शिरांवर ताण येतो. म्हणून जाणता स्वार वाळूत घोडं कदम चालीवर (साध्या चालण्यावर) किंवा रेवालीत (झपझप पण धक्का न देणाऱ्या चालीत) ठेवतो, भरधाव सोडतो ते फक्त घट्ट जमिनीवर. टेकाड चढताना अंग पुढे झुकवून लगाम सैल, उतरताना सरळ खाली; तिरकं उतरलं की वाळू सरकते आणि जनावर कुशीवर पडू शकतं. खरेदीआधी तिथे चाचणी रपेट घ्याल तेव्हा हे पाळा.

या सवयीचा परिणाम असा की घोडीचा दम आणि मांसपेशी चांगल्या असतात, पण तिच्या हाडांना आणि खुरांच्या तळव्यांना काळ्या दगडाच्या रस्त्याचे धक्के ठाऊक नसतात. शिवाय वाळू लंगडणं लपवते. बाजारात दाखवणारा घोडी नेहमी वाळूतच नाचवून दाखवेल. तुम्ही ती डांबरावर किंवा कडक मुरमावर सरळ रेषेत दुडकी चालीने पन्नास पावलं नेऊन परत आणायला सांगा, लगाम सैल ठेवून. पुढचा पाय दुखत असेल तर दुखरा पाय टेकताना डोकं वर उचलतं आणि चांगला पाय टेकताना खाली जातं. हे एवढं एक केलंत तरी खरेदीतली मोठी चूक टळते.

वय दातांवरून बघा. समोरच्या दातांची मधली पक्की जोडी अडीच वर्षांच्या सुमाराला येते, तिच्या शेजारची साडेतीनला, कोपऱ्यातली साडेचारला. ‘चार वर्षांची’ म्हणून दाखवलेल्या घोडीला एकच पक्की जोडी असेल, तर ती तीनच्या आसपास आहे आणि तिच्यावर मांड टाकायला अजून वर्ष आहे. तोंड उघडलंच आहे तर जीभ आणि ओठांचे कोपरेही पाहा. तिकडे काटेरी लगामाचा वापर बराच आहे. जिभेवर जुना काप असेल तर ती लगाम घेताना डोकं फेकेल आणि तिला साध्या, गुळगुळीत, मध्ये सांधा असलेल्या लगामावर आणायला काही आठवडे जातील. अंगावरचे केसांचे भोवरे पाहून तिकडे किंमत वर-खाली होते. त्यावर श्रद्धा असेल तर जरूर पाहा, पण आधी चारही खूर उचलून पाहा. कानांची टोकं एकमेकांना भिडतात का, हे शेवटी.

रक्ताच्या तपासण्या सौद्याच्या आधी, पैसे देण्याच्या आधी. ग्लँडर्स हा जीवाणूचा रोग माणसालाही होतो. तपासणीत घोडं बाधित निघालं तर कायद्याने त्याला दयामरण द्यावं लागतं. दुसरी तपासणी घोड्यांच्या संसर्गजन्य रक्तक्षयाची. तिसरी सर्रा. हा रक्तातला परजीवी चावणाऱ्या मोठ्या माश्या पसरवतात. राजस्थानात उंटाच्या याच रोगाला तिबरसा म्हणतात, आणि उंटांच्या शेजारी राहिलेली घोडी तो वरून धडधाकट दिसत असतानाही अंगात बाळगून असू शकते. प्रवासासाठी पशुवैद्यकाचा तंदुरुस्तीचा दाखला लागतोच, पण त्या दाखल्यात या तपासण्या आपोआप येत नाहीत.

प्रवास दोन टप्प्यांत करा, गुजरातेत एक रात्र मुक्काम ठेवून. ट्रकात घोडं दिवसभर तोंड वर बांधून उभं केलं की श्वासनलिकेतली घाण खाली उतरून बाहेर पडत नाही, फुप्फुसात साचते, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी ताप येतो. दर चार तासांनी ट्रक थांबवा, दोर सैल करा, मान खाली घालू द्या, पाणी दाखवा, अर्धा तास तसंच राहू द्या. प्रवासाच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी चंदी पूर्ण बंद, फक्त कोरडी वैरण. निघायच्या तीन-चार दिवस आधी तिच्या पाण्यात थोडा गूळ विरघळवायला सांगा आणि वाटेत, मग नाशिकलाही आठवडाभर तसंच द्या. आपलं गोडं पाणी तिला अनोळखी लागतं. ती कमी पिते, आणि कोरड्या वैरणीवर पाणी कमी पडलं की आतड्यात गोळा अडकतो.

तिच्या रोजच्या वैरणीची साठ-सत्तर किलो आणि चंदीचं एक पोतं सोबत आणा. हा खर्च टाळू नका. घोड्याच्या आतड्यातले जंतू ठरावीक चाऱ्याला सरावलेले असतात. चारा एकदम बदलला की ते मरतात आणि पोटशूळ उठतो किंवा खूर तापतात. दर तीन-चार दिवसांनी पाव हिस्सा नवी वैरण वाढवत दोन आठवड्यांत पूर्ण बदल, यापेक्षा वेगाने नाही.

आल्यावर निदान 21 दिवस इतर घोड्यांपासून वेगळी ठेवा. बादली, खरारा (अंग घासायचा ब्रश), मोरकी (तोंडाला बांधायचा दोर) सगळं तिचं स्वतंत्र. रोज सकाळ-संध्याकाळ गुदद्वारात थर्मामीटर लावून ताप लिहून ठेवा. 99 ते 101 अंश फॅरनहाइट ठीक, 101.5 च्या वर गेला तर डॉक्टर. विसाव्याला असताना नाडी मिनिटाला 28 ते 44 आणि श्वास 8 ते 16. हे आकडे निरोगी दिवसांत मोजायची सवय लावली तरच आजारात फरक कळतो. धनुर्वाताची लस दिलेली आहे याचा लेखी पुरावा नसेल तर दिलेली नाही असंच धरा: चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा, मग दरवर्षी एक.

पहिल्याच आठवड्यात लिदीतली वाळू तपासा. जमिनीवर न लागलेले लिदीचे पाच-सहा गोळे पारदर्शक बरणीत पाणी घालून कुस्करा आणि पंधरा मिनिटं ठेवा. तळाशी चमचाभर वाळू बसली तर पोटात वाळू आहे. ती मोठ्या आतड्यात साचते, भिंत घासते, पातळ लीद आणि वारंवार सौम्य पोटशूळ होतो. तळ स्वच्छ दिसला तरी पोटात वाळू नाहीच असं होत नाही, म्हणून चार-पाच दिवस पुन्हा पाहा. उपाय इसबगोलाचा भुसा: साडेतीनशे किलोच्या घोडीला रोज दीड-दोनशे ग्रॅम, एकाच वेळी, आठवडाभर. जेमतेम ओलसर भरड्यात मिसळून लगेच द्यायचा. भिजवून ठेवला की त्याचा चिकट गोळा होतो आणि ती तोंड लावत नाही. वैरण जमिनीवर टाकू नका. घोडीला ‘घरच्यासारखं’ वाटावं म्हणून इथे ट्रॉलीभर नदीची वाळू आणून ठाणावर पसरतात आणि त्यावरच वैरण टाकतात. हे करू नका. वाळू लोळायला वेगळ्या कोपऱ्यात असू द्या, खाणं गव्हाणीत किंवा तोबऱ्यात.

आता खाणं, कारण नाशिकला घोडी उपासमारीने आजारी पडत नाही, लाडाने पडते. आधी वजन काढा. पाठीच्या उंचवट्यामागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंतची लांबी, दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 11880. घेर 168 आणि लांबी 150 असेल तर वजन 356 किलो येतं. अशा घोडीला दिवसाला सहा ते सात किलो कोरडी वैरण हवी, चार वेळा विभागून. शेवटची रात्री उशिरा, कारण रिकामं पोट घोड्याला मानवत नाही. डोंगरी गवत सर्वांत चांगलं, पण कुसळं पिकण्याआधी कापलेलं घ्या. कुसळ हिरड्यांत आणि जिभेखाली रुतून बसतं. कडबा चालतो, इंच-दीड इंचाची कुट्टी करून, धूळ झटकून, हलका पाणी शिंपडून. कोवळी हिरवी ज्वारी मात्र नको.

रोज तासभर रपेट करणाऱ्या घोडीला चंदी दीड ते दोन किलो पुरे, दोन वेळा विभागून. हरभरा आठ-दहा तास भिजवलेला, बाजरी आणि जव भरडलेले. एका वेळेला दीड किलोच्या वर कधीच नाही. रपेट नसेल त्या दिवशी चंदी निम्मी. मीठ रोज तीस ग्रॅम. घाम गाळला त्या दिवशी तितकंच आणखी. गव्हाचा कोंडा रोज तीनशे ग्रॅमच्या पुढे नको. त्यात स्फुरद जास्त आणि कॅल्शियम कमी असतं. हत्ती गवतातलं ऑक्झलेटही कॅल्शियम बांधून ठेवतं. दोन्ही एकत्र महिनोन् महिने दिलं की तोंडाची हाडं फुगतात.

लसूणघास आपल्याकडे मुबलक, आणि घोडी त्यावर तुटून पडते. अर्धा किलोपासून सुरुवात करून महिन्याभरात दोन-तीन किलोवर थांबा. वाळवंटी रक्ताची घोडी थोडक्यावर अंग धरते. तिला हिरवं, गूळ आणि हरभरा पोटभर दिलं की मानेवर चरबी चढते आणि एक दिवस ती पुढचे पाय पुढे टाकून, भार मागच्या पायांवर घेऊन उभी दिसते. खूर गरम, खुराच्या वर मागच्या बाजूची नाडी ठणठण उडत असते. त्याक्षणी चंदी आणि हिरवं बंद, पाय बर्फाच्या पाण्यात, खाली जाड मऊ अंथरूण, आणि डॉक्टर. ‘पाय मोकळे करायला’ फिरवू नका. आतली हाडं खुराच्या भिंतीपासून सुटत असतात, प्रत्येक पावलाने नुकसान वाढतं.

नाशिकच्या शिवारात काही गोष्टी तिच्या जिवावर बेततात. कांद्याच्या चाळीतली खाद (खराब कांदा), गोल्टी (बारीक कांदा), कांद्याची पात: गायीगुरांपुढे टाकतात म्हणून घोडीपुढे टाकू नका, कांद्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, लघवी तपकिरी होते. पोल्ट्रीचं खाद्य: त्यात घालतात ती मोनेन्सिन, सॅलिनोमायसिनसारखी औषधं घोड्याच्या हृदयाला थोड्या मात्रेतही मारक आहेत, आणि त्यांवर उतारा नाही. पशुखाद्य ज्या गिरणीत बनतं तिथेच कोंबड्यांचंही बनत असेल, तर तिथला भरडा घेऊ नका. बुरशी लागलेला मका: मेंदू सडवतो, घोडी अडखळते, भिंतीला डोकं लावून उभी राहते. द्राक्षबागेच्या बांधावरचं गवत: त्यावर मोरचूद आणि बाकीच्या फवारण्या बसलेल्या असतात. आणि कुंपणाला लावलेली कण्हेर. ती मुळापासून काढा, वाळलेलं पानसुद्धा विषारी राहतं.

पोटशूळ ओळखायला वेळ लावू नका. ती कुशीकडे वळून बघते, पुढच्या पायाने जमीन खरवडते, वारंवार बसते-उठते, लीद बंद. चारा काढून घ्या, नाडी मोजा, डॉक्टरांना फोन करा. सौम्य असेल तर हळू चालवा. जोरात लोळत असेल तर माणसांनी दूर राहावं. नाडी 60 च्या वर टिकून राहिली तर वाट पाहत बसू नका, डॉक्टर लगेच हवा. तोंडातून तेल ओतायचा घरगुती उपाय अजिबात नको, ते फुप्फुसात जातं.

पागा मेअखेरीस पूर्ण तयार हवी. एका घोडीला बारा बाय बारा फूट, छत दहा फुटांच्या वर. आपला पाऊस पश्चिम-नैऋत्येकडून येतो, म्हणून ती बाजू बंद, पूर्वेची उघडी. वर पत्रा असेल तर त्यावर पाचट टाका. आजूबाजूच्या जमिनीपेक्षा फूटभर उंच जोतं, त्यावर धुम्मस केलेला मुरूम, पन्नास फुटांना एक फूट उतार, बाहेर चर. अंथरायला लाकडाचा भुसा. भाताचा पेंढा ती खात राहते. दारापुढची दहा फूट जागा विसरू नका, सगळ्यात जास्त चिखल तिथेच होतो. तिथे खडी आणि मुरमाचा थर द्या.

पावसाळ्यात खरी कसोटी खुरांची. वाळूत कोरडा, टणक झालेला खूर पाण्यात फुगतो, तळव्यातल्या मऊ त्रिकोणाच्या खाचांत चिखल बसतो आणि आत काळी, घाण वासाची सड सुरू होते. दिवसातून दोनदा खूर उकरून कोरडे पुसा. वास आला तर पोव्हिडोन आयोडीनने धुऊन कापसाचा बोळा खाचेत दाबून ठेवा. रक्ताळलेल्या मांसावर मोरचूद लावू नका. दिवसातले काही तास तरी पाय पूर्ण कोरड्यात हवेत, नाहीतर कोणतंच औषध पुरत नाही. खुराची छाटणी आणि नाल दर सहा आठवड्यांनी, नालबंद जुलैत येणार नसेल तर जूनअखेरीस करून घ्या. एका रात्रीत घोडी तीन पायांवर आली तर मोडलं म्हणून घाबरण्याआधी खूर तपासा. बहुतेक वेळा आत पू झालेला असतो.

पाठीवर पावसाने केसांचे चिकट पुंजके उचलू लागले की ती बुरशी नव्हे, जीवाणू असतो; खपल्या भिजवून काढा, आयोडीनच्या साबणाने धुवा, आणि मुख्य म्हणजे अंग कोरडं ठेवा. झूल ओली झाली की उतरवा. माश्या आणि चिलटांसाठी लीद रोज दोनदा उचलून पागेपासून लांब टाका, संध्याकाळी कडुलिंबाची धुरी, पण दारं उघडी ठेवून. सप्टेंबरनंतर खात-पीत असूनही ती वाळत असेल, ताप येत-जात असेल, पोटाखाली आणि पायांवर सूज असेल, तर सर्र्यासाठी पुन्हा रक्त तपासा. जंतांचं औषधही याच काळात, लिदीची अंडी मोजून आणि वजनानुसार. कोरड्या भागातून आलेल्या घोडीला आपल्या ओल्या कुरणातल्या जंतांची सवय नसते.

रपेट. पहिले तीन आठवडे फक्त हाताने चालवणं. मग मातोरीकडच्या शिवाररस्त्यांवर कदम चाल, अर्धा तास. कडक रस्त्यावर दुडकी पहिल्या आठवड्यात रोज पाच मिनिटं, पुढे दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवा. हाडं घट्ट व्हायला महिने लागतात, दम आठवड्यांत येतो. म्हणून ती जोरात पळायला तयार दिसली तरी तुम्ही थांबवायचं. स्वार आणि खोगीर मिळून घोडीच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त नको: 356 किलोच्या घोडीवर सत्तर किलो. तिकडून आणलेलं खोगीर पाठीच्या कण्यावर टेकत नाही ना, हे तंग आवळून आणि वर माणूस बसवून तपासा. कण्यावर दोन-तीन बोटं मोकळी हवीत. द्राक्षबागांत ब्लोअर चालू असेल तेव्हा त्या रस्त्याने जाऊ नका, आवाजाने ती उसळते आणि फवारा दोघांच्याही नाकात जातो.

वाळवंटात 40 अंशांत घाम क्षणात उडतो आणि अंग थंड होतं. जूनच्या सुरुवातीला किंवा ऑक्टोबर हीटमध्ये आपल्याकडे 32 अंशच असतात, पण घाम अंगावरच राहतो आणि आतली उष्णता बाहेर जात नाही. परतल्यावर दहा-पंधरा मिनिटांत नाडी 60 च्या खाली आली नाही तर त्या दिवशीचं काम जास्त झालं. सावलीत उभी करून मान, छाती, पोट, मांड्या सगळीकडे थंड पाणी ओतत राहा. तापलेल्या घोड्यावर थंड पाणी टाकू नये हा समज चुकीचा आहे. प्यायलाही लगेच द्या. काही घोड्यांचा घाम दमट हवेत बंदच होतो: रपेटीनंतर अंग कोरडं, श्वास मात्र भात्यासारखा. अशी लक्षणं दिसली तर हवा कोरडी होईपर्यंत काम थांबवा.

थंडीत निफाडकडे पारा उतरतो तेव्हा झुलीची घाई करू नका. वाळवंटातली रात्रही हिवाळ्यात बोचरी असते. कोरडी, वाऱ्याच्या आडोशाला आणि पोटभर वैरणीवर असलेली घोडी स्वतःच केस वाढवते. रात्रीची वैरण किलोभर वाढवा आणि पाणी कोमट ठेवा.

पहिलीच घोडी असेल आणि घरात जाणता मोतद्दार (घोडा सांभाळणारा) नसेल, तर तिलवाड्याऐवजी मार्गशीर्षातल्या सारंगखेड्याच्या (नंदुरबार जिल्हा) यात्रेत शोधा, आणि आपल्या भागात एक पावसाळा काढलेलीच घोडी मागा. रंग-रूपात थोडं कमी पडलं तरी चालेल. विकणाऱ्याला विचारा, गेल्या श्रावणात ती कुठे बांधली होती आणि नाल कुणी ठोकली, आणि त्या नालबंदाशी फोनवर बोला.